शेवटच्या पानाच्या तळाची ओळ

जुना_खिळा

नमस्कार मंडळी.

पत्रकारितेवरचे धागे इथे हां हां म्हणता शंभरी गाठतात. "सगळे विकले गेलेत" इथून सुरुवात होते आणि "कुठे टिळक-आगरकर आणि कुठे हे" इथे गाडी थांबते. आजवर नुसता वाचत होतो. एका जिल्हा दैनिकात १९७५ साली प्रूफरीडर म्हणून लागलो आणि २०१४ मध्ये संपादक म्हणून निवृत्त झालो. तेव्हा थोडं बोलायचा हक्क आहे असं समजून लिहितो. पेपरचं नाव सांगणार नाही, विचारू नका.

घरात पेपर असेल तर उलटा करा आणि शेवटच्या पानाच्या अगदी तळाला बघा. मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत एक ओळ असते. हे दैनिक अमुक मालकांसाठी तमुक मुद्रक-प्रकाशकांनी अमक्या छापखान्यात छापून तमक्या ठिकाणी प्रसिद्ध केले, संपादक फलाणे. काही पेपरांत नावापुढे चांदणी असते आणि खाली "पीआरबी कायद्यानुसार जबाबदार" अशा अर्थाचं काहीतरी असायचं. पीआरबी म्हणजे 'प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स'. हा कायदा १८६७ चा. १८५७ च्या धामधुमीनंतर दहा वर्षांनी इंग्रजांनी केला, तो आपण तब्बल दीडशे वर्षं वापरला. त्याच्या जागी २०२३ मध्ये नवा कायदा झाला आणि १ मार्च २०२४ पासून लागू झाला. अख्ख्या पेपरात ही एकच ओळ वाचक कधी वाचत नाही, आणि कोर्टात सगळ्यात आधी तीच वाचली जाते.

संपादक म्हणजे छान अग्रलेख लिहिणारा माणूस, अशी आपल्याकडे समजूत आहे. माझ्या लेखी संपादक म्हणजे त्या ओळीतलं नाव. दुसऱ्याने लिहिलेलं ज्याला निस्तरावं लागतं तो.

१८९७ चा टिळकांवरचा खटला घ्या. आपल्याला "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" हा मथळा पाठ असतो. पण खटल्यात वापरला गेला तो मजकूर 'शिवाजीचे उद्गार' ही कविता आणि शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत हा होता. कवितेखाली टिळकांचं नाव नव्हतं, भवानी तलवारीची खूण होती. ती कोणाची यावर अभ्यासक वाद घालत बसले. टिळकांनी मात्र "मी नाही लिहिली" म्हणून अंग काढून घेतलं नाही. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

पण नवीन पोरं कामावर आली की मी त्यांना १८९७ सांगायचो नाही, १९०८ चा मंडालेचा खटलाही नाही. १८८२ सांगायचो. तेव्हा 'केसरी' जेमतेम दीड वर्षाचा होता. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांनी तिथल्या तरुण छत्रपतींचा छळ चालवलाय, असा मजकूर 'केसरी' आणि 'मराठा' मध्ये आला. आधार होता तो काही पत्रांचा. बर्वे कोर्टात गेले आणि ती पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झालीच. प्रत्यक्षात १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिलं.

म्हणजे बघा, मराठी पत्रकारितेतल्या दोन सर्वांत मोठ्या माणसांचा पहिला तुरुंगवास हा नीट न तपासलेल्या कागदांमुळे घडलेला आहे! दर ६ जानेवारीला 'दर्पण' या पहिल्या मराठी वृत्तपत्राच्या आठवणीत पत्रकार भवनात शाल-श्रीफळ होतं, त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोला हार घातला जातो, पण ही गोष्ट कोणी सांगत नाही. सांगायला पाहिजे. बातमी खरी वाटणं आणि खरी असणं यातलं अंतर त्या दोघांनाही पहिल्या फटक्यात दिसलं नव्हतं, तिथे आमची काय कथा.

आता माझी चूक सांगतो. १९९० च्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा वृत्तसंपादक. रात्री साडेअकराला पोलिसांची प्रेसनोट आली : काळ्या बाजारात जाणारा रेशनचा गहू पकडला. नोटमध्ये दुकानाचा नंबर होता, दुकानदाराचं नाव नव्हतं. बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पान सोडायचं होतं, खाली टेम्पो घरघरत उभा. "अरे, हे तर अमक्याचं दुकान" म्हणत नाव मी घातलं. आठवणीतून. नंबर ४१ होता, मला आठवत होता तो १४ चा मालक.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला तो माणूस ऑफिसात आला. मला वाटलं, आता शिव्या घालणार. तो संपादकांकडे गेला नाही, माझ्याकडेही आला नाही. सरळ जाहिरात विभागाच्या खिडकीशी गेला. घडी घातलेला पेपर काढला, बातमीवर बोट ठेवलं आणि क्लार्कला विचारलं, "एवढ्या जागेचे किती होतील? यात माझं नाव चुकून आलंय, असं छापायचंय." आणि क्लार्कने पट्टी घेऊन बातमी मोजली, कॉलम सेंटिमीटरचा दर सांगितला. त्याचंही काही चुकलं नाही, त्याचं कामच ते. मी दारात उभा राहून ऐकत होतो.

आणीबाणीबद्दल दोन शब्द. मी बावीस वर्षांचा होतो. ओल्या प्रुफांची गुंडाळी सायकलच्या हँडलला अडकवून माहिती अधिकाऱ्याच्या ऑफिसात न्यायची, शिक्का घेऊन परत आणायची, हे माझं काम. लोकांना वाटतं सेन्सॉर फक्त राजकारण कापायचा. आमच्याकडे घासलेटच्या रांगेची बातमीही कापली गेली होती. सुरुवातीला काही पेपरांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली, मग तेही बंद झालं. कोरी जागा सोडायची नाही, आणि कोरी जागा भरायला गांधी-टागोरांची वचनंही टाकायची नाहीत, असा हुकूम! माझा विश्वास बसेना. आमचे कंपोझिटर, म्हणजे छपाईचे खिळे जुळवणारे, म्हणाले, "म्हणजे आता खिळेसुद्धा विचारून झिजवायचे."

एक मात्र खरं, त्या सेन्सॉरला शिक्का होता. कापलेलं दिसायचं. १९७७ मध्ये तो गेला, आणि पुढच्या पस्तीसेक वर्षांत जे आलं त्याला शिक्का नव्हता.

तालुक्याचा वार्ताहर घ्या. त्याचं मानधन पेट्रोललाही पुरत नाही. त्याचं खरं पोट चालतं जाहिरातींच्या कमिशनवर. साहेबांच्या वाढदिवसाची रंगीत पुरवणी काढायची, त्यात शुभेच्छुक म्हणून साखर कारखाना, बाजार समिती, ठेकेदार आणि पतसंस्था आणायच्या. आता त्याच पतसंस्थेच्या दारात ठेवीदारांची रांग लागली, तर ही बातमी सगळ्यांत आधी कळते कोणाला? त्यालाच. आणि सगळ्यांत शेवटी देतो कोण? तोच. त्याला कोणी फोन केलेला नसतो, धमकी दिलेली नसते. पुढच्या महिन्यात चेअरमनचा वाढदिवस असतो, बस्स.

"पत्रकारिता आणि राष्ट्रजीवन" या विषयावर मला निवृत्तीनंतर चार-पाच भाषणांची आमंत्रणं आली. प्रत्येक ठिकाणी मी पतसंस्थेची गोष्ट सांगितली आणि प्रत्येक ठिकाणी आयोजकांचे चेहरे उतरले. एका ठिकाणी प्रायोजकच पतसंस्था होती. :)

---

टग्या_तिरकमठे

वाचनखूण साठवली. काका, त्या रेशनवाल्याचं पुढे काय झालं? मधेच सोडलंत.

---

रातपाळी

मी सध्या एका न्यूज पोर्टलच्या डेस्कवर आहे. तुमची ४१-१४ ची चूक आमच्याकडे रोज होते, फक्त कोणी खिडकीशी येत नाही. फोन आला की आम्ही लिंकमध्ये जाऊन नाव बदलतो. पाच सेकंद. खाली "ही बातमी सुधारली आहे" अशी ओळ टाकायचा नियम आमच्या मॅन्युअलमध्ये आहे, पण टाकतो कोण? चूक झालीच नव्हती असं होऊन जातं. ज्याचं नाव गेलं त्याच्या व्हॉट्सॲपवर मात्र स्क्रीनशॉट फिरत राहतो, तो आम्हाला बदलता येत नाही.

तुमच्या त्या तळाच्या ओळीसारखं आमच्याकडे २०२१ च्या आयटी नियमांमुळे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव लावावं लागतं, पंधरा दिवसांत तक्रारीचा निकाल द्यायचा असतो. आमच्या साइटवर ते नाव शोधून दाखवा, माझ्याकडून चहा.

आणि मथळा मी लिहीत नाही. मी तीन देतो, ज्यावर जास्त क्लिक पडतात तो राहतो. मग त्या मथळ्याचा संपादक कोण, हे मलाच कोणीतरी सांगा.

---

इंद्रायणीकाठ

लेख आवडला, पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहिते. तुमच्या लेखात बाळशास्त्रींच्या फोटोच्या हारापासून सुरुवात होऊन गाडी टिळक-आगरकरांवरच थांबली, म्हणजे ज्या धाग्यांना तुम्ही नावं ठेवलीत त्यांच्यासारखीच.

तुम्हीच दिलेलं १८८२ चं उदाहरण पुढे न्या. त्या खटल्यात टिळक-आगरकरांना जामीन कोण राहिलं? रामशेठ उरवणे, महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. वैचारिक भांडण होतं तरीही. हे तुमच्या त्या ६ जानेवारीच्या शाल-श्रीफळात येतं का?

त्याच काळात 'दीनबंधू' चालू होता. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये काढला, पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी चालवला. हेच लोखंडे गिरणी कामगारांसाठी लढले आणि १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. एका संपादकाचा राष्ट्रजीवनावर याहून मोठा परिणाम मला माहीत नाही. आपण सगळे दर आठवड्याला तो उपभोगतो आणि त्या दिवशी जी पुरवणी वाचतो, तिच्यात लोखंड्यांचं नाव नसतं. पुढे हाच 'दीनबंधू' तानूबाई बिर्जे यांनी चालवला, एका बाईने, त्या काळात.

आणि तुमचा रेशनवाला निदान दर तरी विचारू शकला. १९२० मध्ये बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने छापली नव्हती. खिडकीच बंद. मग स्वतःचा पेपर काढण्यावाचून इलाज काय? शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, ३१ जानेवारीला पहिला अंक निघाला, वर तुकोबांचा अभंग, "काय करूं आतां धरूनियां भीड". पुढे 'बहिष्कृत भारत' मध्ये तर चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरावे लागत. जाहिराती नाहीत, वर्गणीदार गरीब. तुम्ही म्हणता संपादक म्हणजे निस्तरणारा. काहींना आधी लिहायची जागाच निर्माण करावी लागली, निस्तरण्याची पाळी नंतर.

---

टग्या_तिरकमठे

+१ इंद्रायणीकाठ. रविवारचं खरंच माहीत नव्हतं.

---

काळा_कोट

कायद्याच्या अंगाने थोडं. काका जाहिरातींना दोष देतात, पण त्यांना एक जुना निकाल आठवत असणार.

१९५६ मध्ये केंद्राने एक कायदा केला : पेपरची किंमत जेवढी, तेवढीच पानं, आणि जाहिरातींच्या जागेवरही नियंत्रण. हेतू चांगला सांगितला होता, मोठ्या पेपरांनी छोट्यांना चिरडू नये. १९६० मध्ये त्याखाली आदेश निघाला. पुण्याचा 'सकाळ' याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. तेव्हा अंकाची किंमत सात नवे पैसे होती. आदेश पाळायचा तर पानं तरी कमी करायची, नाहीतर किंमत तरी वाढवायची, आणि किंमत वाढली की खप घटणार. १९६१ मध्ये निकाल लागला, कायदा आणि आदेश दोन्ही रद्द. खप हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, जाहिराती आवळून पेपर महाग करणं म्हणजे ते स्वातंत्र्य आवळणं, असा त्याचा गाभा. आजही विद्यार्थ्यांना शिकवतो.

म्हणजे ज्या जाहिरातीने तालुक्याच्या वार्ताहराचा हात बांधला, तिनेच पेपर स्वस्त ठेवून घराघरांत पोचवला. दोन्ही खरं. साहेबांच्या वाढदिवसाची पुरवणी काही तेव्हा न्यायमूर्तींच्या डोळ्यांसमोर नसणार!

रातपाळी, दुरुस्तीबद्दल : चूक कळली की आपणहून, तातडीने आणि ठळकपणे दुरुस्ती छापावी, असं प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत आहे. पण कौन्सिल फार तर कानउघाडणी करतं, दंड करू शकत नाही. आणि त्याचा अधिकार छापील पेपर आणि वृत्तसंस्थांपुरता, पोर्टलला नाही.

---

शेवगा

एवढं सगळं वाचून मला एवढंच म्हणायचंय की पूर्वीही हेच होतं, आताही हेच आहे. सगळे विकले गेलेत.

---

टग्या_तिरकमठे

आले! मी वाटच बघत होतो.

शेवगा, महिन्याचं पेपरचं बिल किती देता आणि त्यातलं किती रद्दीवाल्याकडून वसूल करता, हिशोब टाका इथे. आमच्याकडे आई रद्दी घालताना रद्दीवाल्याशी जेवढी घासाघीस करते तेवढी चिकित्सा आम्ही कोणीही बातमीची करत नाही.

---

कोरडवाहू

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी असाच एक तालुका वार्ताहर आहे.

काकांनी लिहिलेलं खोटं नाही. पण "सगळ्यांत शेवटी देतो" हे वाचून जरा लागलं. २००९ च्या विधानसभेला पैसे घेऊन बातम्या छापल्याचा केवढा गाजावाजा झाला, प्रेस कौन्सिलची समिती, अहवाल. त्यात आमच्यासारख्यांबद्दल सगळे बोलले, "खालचे लोक पैसे घेतात". पॅकेज आम्ही ठरवलं होतं का? वरून दरपत्रक आलं, आम्ही पोचवलं.

आमच्याकडची पतसंस्था बुडाली तेव्हा मी बातमी पाठवली होती. दोनदा. पहिल्यांदा "जागा नाही" म्हणाले. दुसऱ्यांदा आली, पण चार ओळी, आणि नाव न घेता "तालुक्यातील एक पतसंस्था". गावात एकच पतसंस्था आहे! लोक मला विचारत होते, एवढं घाबरतोस का रे? माझे स्वतःचे सासरे ठेवीदार होते, त्यांनी आठ महिने माझ्याशी धड बोलणं केलं नाही.

काका, तळाच्या ओळीत आमचं नाव नसतं हे बरोबर. पण गावात पेपर म्हणजे मीच. दगड त्या ओळीवर पडत नाही, माझ्या मोटारसायकलवर पडतो. २०१७ चा पत्रकार संरक्षण कायदा आहे म्हणतात, पोलीस ठाण्यात गेलो तर हवालदारच विचारतो, तुझं ओळखपत्र कुठाय. ओळखपत्र कंपनी देत नाही, कारण मी नोकरीत नाही.

---

रातपाळी

कोरडवाहू, लिहीत राहा हो. या धाग्यावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रतिसाद.

---

जुना_खिळा

सगळ्यांचे आभार. एकेकाचं बघतो.

इंद्रायणीकाठ ताई, मान्य. एकोणचाळीस वर्षांत मी लोखंड्यांवर एक स्फुट लिहिलं असेल, तेही कामगार दिनाला जागा भरायची होती म्हणून. उरवण्यांचं मला माहीत होतं, आणि १८८२ सांगताना मी ते कधीच सांगितलं नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही. सवयीची वाट. 'मूकनायक'च्या जाहिरातीची गोष्ट आणि माझ्या ऑफिसची खिडकी मी एकत्र कधी ठेवून पाहिली नव्हती. तुम्ही ठेवलीत, आता ती जागची हलणार नाही.

काळा कोट, तो निकाल आम्हाला तोंडपाठ होता. मालक लोक तर दर वर्धापनदिनाला सांगायचे. त्यातला "खप" एवढाच शब्द त्यांच्या लक्षात राहिला.

कोरडवाहू, माझी चूक. "जागा नाही" हे वाक्य मी स्वतः किती वार्ताहरांना ऐकवलंय, ते लिहायला हवं होतं. तुमच्या चार ओळींत "एक पतसंस्था" करणारा माझ्यासारखाच कोणीतरी असणार. तेव्हा "सगळ्यांत शेवटी देतो कोण" याचं उत्तर मी चुकीचं दिलं. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

टग्या, रेशनवाल्याचं सांगतो.

मी जाऊन आमच्या संपादकांना सगळं सांगितलं. अण्णा म्हणायचो आम्ही त्यांना. ज्या रात्री मी नाव घातलं त्या रात्री ते घरी झोपलेले होते, त्यांचा काडीचा संबंध नाही. मी म्हटलं, माझ्या नावाने दुरुस्ती छापा. ते म्हणाले, "तुझं नाव कुठंय पेपरात?" त्या माणसाला आत बोलावलं, खुर्ची दिली, आणि त्याच्यासमोरच चार ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चौकट, खाली 'संपादक' आणि त्यांचं नाव. मालकांचा फोन आला, दुरुस्ती पहिल्या पानावर कशाला, पायंडा पडेल. अण्णांनी मला बाहेर जायला सांगितलं, पुढचं मी ऐकलेलं नाही.

सात-आठ वर्षांनी त्या भागात गेलो होतो, मुद्दाम १४ नंबरच्या दुकानापुढून गेलो. साठ्याच्या फळ्यावर गहू, तांदूळ, साखर, घासलेट असं खडूने लिहिलेलं. त्याच्या बाजूला काचेची फ्रेम, तीत ती चौकट, पिवळी पडलेली. आणि चौकटीच्या खाली, वेगळी कापून चिकटवलेली, त्याच अंकाच्या शेवटच्या पानाची तळाची ओळ. अण्णांच्या नावाखाली पेनने रेघ मारलेली.

रांगेतल्या एका बाईने विचारलं, काय बघताय? मी म्हटलं, काही नाही, साखर आलीय का ते.